दिवाळीनंतरचे सत्र आणि आपला गळीत हंगाम



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, बेणे आणि खताच्या हप्त्यांबद्दल लिहितो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. प्राथमिक शाळेतली मुले दिवाळीनंतरच्या सत्रात काय शिकतात, हा आजचा धडा. कुणी म्हणेल, ऊस विकास अधिकाऱ्याला शाळेशी काय देणे-घेणे? आम्हालाही तसेच वाटत होते. पण शाळेचे दुसरे सत्र आणि आपला गळीत हंगाम एकाच महिन्यात सुरू होतात आणि जवळपास एकाच वेळी संपतात. ही गाठ आमच्या ध्यानात आली ती आपल्या ऊसपट्ट्यात नव्हे, तर जिथे उसाचा कारखाना नाही अशा भिवंडीत.

भिवंडीतला एक दिवस

२०२४-२५ च्या हंगामात, डिसेंबर महिन्यात, ठिबकच्या सामानाची चौकशी करण्यासाठी आम्ही भिवंडीस गेलो होतो. भिवंडी म्हणजे यंत्रमागाचे गाव. गल्लीत शिरले की मागाचा खडखडाट बोलणे ऐकू देत नाही. आता यंत्रमागाच्या जोडीला मैलोन्‌मैल गोदामे उभी राहिली आहेत. आपल्या सभासदांचीही कितीतरी पोरं तिथे हमाली आणि ड्रायव्हरी करतात, हे आपणास ठाऊक आहेच.

आमच्या धाकट्या बहिणीचे यजमान त्याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत गुरुजी आहेत. काम दुपारनंतरचे होते. दाजी म्हणाले, "पाव्हणं, सकाळी घरात बसून काय करता? चला शाळेत. तुमच्या उसावर पोरांशी चार शब्द बोला."

शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. परिपाठ झाला, हजेरी झाली. भिंतीवर वर्षाचे नियोजन लावलेले होते. आपण जसे लागणीपासून तोडणीपर्यंतचे वेळापत्रक करतो, तसेच ते होते. कोणत्या महिन्यात कोणता धडा, कोणते गणित, कोणती चाचणी, सगळे चौकटीत मांडलेले. आम्ही ते वहीत उतरून घेतले. त्याचा सारांश पुढे देतो.

दुसऱ्या सत्रात काय शिकवतात?

*पहिली :* दिवाळीपर्यंत मूल अक्षरे ओळखू लागते. दिवाळीनंतर काना, मात्रा, वेलांटी, उकार जोडून शब्द आणि मग छोटी वाक्ये वाचू लागते. अंक वीसच्या पुढे जाऊन शंभराकडे निघतात. थोडक्यात, पहिल्या सत्रात डोळा फुटतो आणि दुसऱ्या सत्रात कोंब वर येतो.

*दुसरी :* जोडाक्षरे येतात. हातच्याची बेरीज आणि हातच्याची वजाबाकी येते. हातचा म्हणजे काय हे ज्याला दुसरीत समजले नाही, त्याचा पुढचा सगळा हिशोब डळमळीत राहतो. पाढ्यांची सुरुवातही इथेच होते.

*तिसरी :* भागाकार. पाव, अर्धा, पाऊण. लिटर, किलो, मीटर यांचे मोजमाप. घड्याळ आणि दिनदर्शिका. माहितीचा तक्ता वाचायला शिकणे.

*चौथी :* मोठ्या संख्या, अंश आणि छेद असलेले अपूर्णांक, परिमिती आणि क्षेत्रफळ. भाषेत पत्र लिहिणे, उतारा वाचून उत्तरे देणे. आणि परिसर अभ्यासात शिवचरित्र. १९७० सालापासून महाराष्ट्रातल्या चौथीच्या मुलांनी ते वाचले आहे. आपणातल्या बहुतेकांना त्यातले प्रसंग आजही तोंडपाठ असतील.

हे नियोजन नीट पाहिले तर एक गोष्ट कळते. पहिल्या सत्रात मागच्या वर्षीची उजळणी आणि पूर्वतयारी असते. खरे अवघड भाग, म्हणजे हातचा, भागाकार, अपूर्णांक, क्षेत्रफळ, हे साधारणपणे दिवाळीच्या पुढे येतात. शेतीच्या भाषेत सांगायचे तर पहिले सत्र म्हणजे उगवण आणि दुसरे सत्र म्हणजे भरणी. भरणी चुकली तर उसाचे काय होते ते आम्ही आपणास सांगायला नको.

विटा मोजणारी मुलगी

त्या वर्गात मागच्या बाजूला चार-पाच मुले बसली होती. त्यांचा गणवेश नव्हता. दाजींनी सांगितले, ही वीटभट्टीवरची मुले. भिवंडी आणि आसपासच्या तालुक्यांत पावसाळा सरला की भट्ट्या लागतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, शहापूर या भागातली कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे तिथे थापणीला येतात. मालकाकडून आधी बयाणा घेतलेला असतो, तो फेडायला सगळे घर भट्टीवर राहते. पाऊस आला की परत गावी. आपल्याकडे ज्याला उचल म्हणतात, तिकडे त्याला बयाणा म्हणतात. नाव बदलले तरी गोष्ट तीच.

दहा वर्षांच्या एका मुलीला आम्ही विचारले, "किती विटा थापता गं दिवसाला?" ती म्हणाली, "आई-बाबा मिळून हजार, कधी जास्त." आम्ही म्हटले, समज, एक हजार पंचवीस विटा झाल्या. फळ्यावर लिही बरं. तिने लिहिले : १०००२५.

वर्गातली मुले हसली. दाजींनी हसू दिले नाही. ते आम्हाला हळूच म्हणाले, "तिला हजार कळतो, पंचवीस कळतो. दोन्ही एका घरात कसे बसवायचे हे तिला कुणी शिकवलेलेच नाही. तो धडा होतो तेव्हा ती वाटेत असते."

मग त्यांनी तिला शिवाजी महाराजांची गोष्ट सांगायला लावली. तिने जन्मापासून प्रतापगडापर्यंत खणखणीत आवाजात सांगितले. अफजलखान आला, महाराज भेटीला गेले, सगळे बरोबर. "मग पुढे?" असे विचारताच गप्प. सन १६५९ पर्यंतची गोष्ट तिने गावच्या शाळेत ऐकली होती. दिवाळी झाली, बिऱ्हाड निघाले. आग्र्याहून सुटका तिच्या कानावर आलेली नाही. १६७४ चा राज्याभिषेक तर दूरच. मोठा भाऊ तिच्या आधी चौथीपर्यंत शिकला होता. त्याचीही गोष्ट तिथेच थांबलेली, असे ती म्हणाली.

यंदा निदान ती या शाळेत आली आहे. दाजी आणि त्यांचे सहकारी भट्टी-भट्टीवर फिरून मुले आणतात. त्यांनी त्या दिवसापासून तिला रोज जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटे स्थानिक किंमत शिकवायचे ठरवले. आम्ही निघेपर्यंत ती १०२५ असे लिहू लागली होती. एक सकाळ पुरली. पण ती सकाळ तिच्या वाट्याला यायला चौथी इयत्ता उजाडावी लागली.

हा प्रश्न नवा नाही

मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, ही गोष्ट ठाणे जिल्ह्यात फार जुनी आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीस काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. आदिवासी मुले गुरे चारायला जात. म्हणून या बाईंनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव पडले कुरणशाळा. गुरे चरताहेत आणि मुले शिकताहेत.

पुढे विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगा शाळा काढल्या. भट्टीवर मजूर ज्या गवताच्या झोपडीत राहतात तिला भोंगा म्हणतात. त्याच भोंग्यात शाळा. आपल्या तोडणी कामगारांच्या कोपीसारखेच ते घर.

आपल्या साखर धंद्यातही साखर शाळा झाल्या. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जनार्थ या संस्थेने २००० सालानंतर काही वर्षे पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक कारखान्यांच्या तळांवर अशा शाळा चालवल्या. मग बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला नियमित शाळेत शिकण्याचा हक्क मिळाला. वेगळ्या तात्पुरत्या शाळेपेक्षा जवळच्या नेहमीच्या शाळेत मुलाला बसवावे, असे धोरण आले. धोरण चांगले. पण मुलाला शाळेपर्यंत नेणार कोण, हा प्रश्न शिल्लक राहिला.

सक्तीच्या शिक्षणाची कल्पना तर आपल्याच मातीतली आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देऊन प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. त्या वेळचा त्यांचा मुद्दा आपणा शेतकऱ्यांना लागू पडणारा होता. सरकारचा महसूल कुणब्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, असे त्यांचे म्हणणे होते. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. आज आपल्या कारखान्यांचे संचालक, अधिकारी आणि सभासद यांतले कितीतरी लोक रयतच्या शाळेत शिकलेले आहेत. म्हणजे ज्यांना शाळा मिळाली त्यांनी सहकार उभा केला. आता त्याच सहकाराच्या फडात कुणाची तरी पोरं शाळेवाचून राहताहेत.

आमच्या रजिस्टरची गोष्ट

भिवंडीहून परतल्यावर आम्ही आमच्या ऑफिसातले टोळी नोंदीचे रजिस्टर काढले. त्यात मुकादमाचे नाव, गाव, कोयते, बैलगाड्या, टायर गाड्या, ट्रॅक्टर, बैल असे सगळे रकाने आहेत. बैलांना लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस दिली की नाही, याचाही रकाना आहे. मुलांचा रकाना नाही.

हे आम्ही कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. ते रजिस्टर आम्हीच आखलेले आहे. गेली पंधरा वर्षे आम्ही त्यात नोंदी करतो आहोत. बैल आजारी पडला तर गाडी बंद पडते, म्हणून बैल मोजला. मूल शाळेत गेले नाही तर गाळप थांबत नाही, म्हणून मूल मोजले नाही. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका फडात गेलो. बीड जिल्ह्यातली टोळी होती. नऊ कोयते. आम्ही पहिल्यांदा मुले मोजली. शाळेच्या वयाची सात निघाली. त्यातली चार वाढे गोळा करीत होती, एक मुलगी कोपीजवळ लहान भावाला सांभाळत होती, दोघे बांधावर खेळत होते. एका मुलाला आम्ही विचारले, "कितवीला रे?" तो म्हणाला, "चौथीला."

"भागाकार येतो का?"

"न्हाय. तवा आम्ही कारखान्यावर व्हतो."

"आणि तिसरीत?"

"तवा बी कारखान्यावरच व्हतो."

शेजारी त्याचा बाप मोळी बांधत होता. तो हात थांबवून म्हणाला, "साहेब, म्हातारी होती तवर पोराला गावी ठेवलं. म्हातारी गेली. आता कुणापाशी ठेवू?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

भागाकार कशाला हवा?

कुणी म्हणेल, ऊस तोडायला भागाकार कशाला? त्यासाठी एक साधा हिशोब मांडतो. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.

समजा, एका कोयत्याने १,२०,००० रुपये उचल घेतली. तोडणीचा दर सोयीसाठी टनाला ४०० रुपये धरू. आठवड्याची खर्ची तूर्त बाजूला ठेवू. १,२०,००० भागिले ४०० म्हणजे ३०० टन. एका कोयत्याने दिवसाला २ टन तोडले तर ३०० भागिले २ म्हणजे १५० दिवस. पण ऊस कमी असला आणि हंगाम ११० दिवसांतच आटोपला तर? ११० गुणिले २ म्हणजे २२० टन. त्याचे ८८,००० रुपये. उरले ३२,००० रुपये. ते पुढच्या हंगामाच्या माथी.

हा सगळा हिशोब चौथीच्या गणिताचा आहे. तो ज्याला येतो तो उचल घेतानाच विचार करील, मुकादमाला आणि आम्हालाही दोन प्रश्न विचारील. ज्याला येत नाही तो "सायेब सांगतील तेवढं" म्हणून अंगठा उठवील आणि पुढच्या दिवाळीत पोराला घेऊन पुन्हा येईल. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. ती वाढ आपल्या पदरात नीट पडली का, हे पाहायला तरी हिशोब यायला हवा. शाळा चुकते म्हणून हिशोब चुकतो, आणि हिशोब चुकतो म्हणून पुन्हा शाळा चुकते. हा रहाट असाच फिरत राहतो.

आपल्या घरची पाटीही पाहा

हे फक्त तोडणीवाल्यांच्या मुलांचे आहे असे समजू नये. आपल्या घरीही रात्रपाळीची वीज आली की पोराला पाण्यावर पाठवतो, सकाळी तो शाळा बुडवतो. बेणे तोडायचे असले की दोन दिवस घरी. "एका दिवसानं काय होतंय?" असे आपण म्हणतो. तो एक दिवस नेमका क्षेत्रफळाचा असला तर काय होते ते सांगतो.

मागे एका सभासदाने सुरू उसाला शिफारशीप्रमाणे खत घातले असे आम्हाला सांगितले. ऊस हिरवागार, उंच, पण नोव्हेंबरात सगळा लोळला आणि उतारा घसरला. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद, ११५ किलो पालाश अशी आहे. हेक्टर म्हणजे अडीच एकर. म्हणजे एकरी नत्र १०० किलोच. युरियात ४६ टक्के नत्र असते, त्यामुळे एकरी युरिया साधारण २१७ किलो, म्हणजे ४५ किलोच्या पाच गोण्यांना थोडा कमी, आणि तोही हप्त्याहप्त्याने. या गृहस्थांनी हेक्टरचा डोस एकराला दिला होता. बारा गोण्या! खताचे पैसे गेले, ऊस लोळला, जमिनीचे नुकसान झाले ते निराळेच. चुकले काय, तर एक भागाकार.

म्हणून आज रात्री जेवणानंतर घरातल्या चौथी-पाचवीच्या मुलाला जवळ बसवा आणि पुढची गणिते घाला. उत्तरे शेवटी दिली आहेत, पण आधी मुलाला सोडवू द्या.

१. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. त्याचे क्षेत्रफळ किती चौरस फूट? ४० गुंठ्यांचा एकर किती चौरस फूट?

२. साडेचार फुटांची सरी आहे. एका एकरात सरीची एकूण लांबी किती फूट?

३. दोन फुटांवर एक रोप लावले तर एकरी किती रोपे लागतील?

४. प्रत्येक बेटात ८ पक्व ऊस आणि प्रत्येक ऊस दीड किलोचा, तर एकरी किती टन? ८ ऐवजी ७ ऊस राहिले तर किती टन कमी?

ही गणिते ज्या मुलाला येतील, त्याला नांग्या का भरायच्या ते आम्ही वेगळे सांगायला नको. एका बेटातला एक ऊस कमी झाला तर एकरी सात टनांहून अधिक घट येते, हे ते मूलच आपणास सांगेल.

आता काय करायचे?

नुसते लिहून भागणार नाही. यंदाच्या हंगामासाठी आम्ही आमच्या खात्यापुरते ठरवले आहे आणि आपणासही विनंती आहे.

१. टोळी नोंदीच्या रजिस्टरात आम्ही मुलांचा रकाना वाढवला आहे. नाव, वय, इयत्ता, गावची शाळा. स्लिपबॉय आणि गट अधिकारी टोळी उतरल्याबरोबर ही नोंद घेतील. मुकादमांनी मुले लपवू नयेत. ही नोंद कुणाला पकडण्यासाठी नाही.

२. आपल्या शेतात टोळी आली की सभासदाने मुले पाहावीत आणि गावच्या शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना त्याच दिवशी कळवावे. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, वर्ष अर्धे सरले, या कारणांवरून मुलाला शाळेत घेणे नाकारता येत नाही. तसा कायदाच आहे. मूल वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात बसते आणि मागे राहिलेला अभ्यास त्याला वेगळा शिकवायचा असतो. गावच्या शाळेतून निघताना मुलाला शिक्षण हमी पत्रक मिळते, ते असले तर काम आणखी सोपे होते.

३. मुलाला वाढे गोळा करायला, मोळी उचलायला, गाडीवर ऊस द्यायला सांगू नये. "जरा धर रे बाळा" असे सहज तोंडातून निघते. आमच्याही तोंडून निघाले आहे. यापुढे काढायचे नाही.

४. तळ गावापासून लांब असेल तर सकाळी ऊस किंवा दूध घेऊन गावात जाणाऱ्या वाहनातून मुलांना मोठ्या माणसाच्या सोबतीने शाळेपर्यंत सोडावे. एका गावातल्या चार सभासदांनी दिवस वाटून घेतले तर कुणालाच भार होणार नाही. उसाच्या भरलेल्या गाडीवर मात्र मुलांना कधीही बसवू नये.

५. शाळेत दुपारचे जेवण मिळते हे आई-बापांना सांगावे. कोपीवर दुपारी चूल पेटत नाही. मूल शाळेत जेवले तर आईचीही काळजी मिटते. लहान भावंड सांभाळण्यासाठी मुलगी मागे राहत असेल तर अंगणवाडी ताईंना भेटावे.

६. मुकादमांना करार करतानाच विचारावे की मुलांना गावी ठेवण्याची सोय होईल का. अनेक गावांत हंगामी वसतिगृह चालते. मूल आजी-आजोबांजवळ राहते आणि जेवण त्याला तिथे मिळते. शिवाय ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ पासून आहे. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळही आहे. मूल गावी राहिले तर सर्वांत उत्तम, कारण त्याची शाळा बदलत नाही.

७. आपल्या घरचे मूल हंगामात शाळा बुडवणार नाही, याची सुरुवात आपल्यापासून करावी. दुसऱ्याच्या पोराला शाळेत सोडायला जायचे आणि स्वतःचे पोर पाण्यावर पाठवायचे, हे शोभणार नाही.

या सगळ्याला कारखान्याचा मोठा पैसा लागत नाही. लागते ते थोडे लक्ष. खोडव्याला पाचट ठेवा म्हणून आम्ही दहा वर्षे सांगत होतो. सुरुवातीला लोक हसत होते, काडी लावीत होते. आता तेच सभासद आम्हाला पाचटाचे फायदे सांगतात. तसेच याचेही होईल अशी आमची आशा आहे.

भिवंडीच्या त्या मुलीला आम्ही निघताना विचारले होते, पुढे काय शिकायचंय? तिने दाजींकडे पाहिले आणि म्हणाली, "महाराज आग्र्याला गेले, मग काय झालं ते." एवढेच तिचे मागणे होते. आपल्या फडातल्या सात मुलांनीही याहून फार काही मागितलेले नाही. मोळी टाकून गाळपाचा शुभारंभ आपण दरसाल थाटाने करतो. यंदा मोळी पडेल त्या आठवड्यात आपल्या शिवारातले एक तरी मूल शाळेच्या हजेरीत पडू द्या.

आपल्या गटात मुलांची नोंद झाली की आम्हाला कळवा. किती मुले आली, किती शाळेत बसली आणि हंगामअखेर किती टिकली, ही आकडेवारी आम्ही एकरी उताऱ्याच्या तक्त्याशेजारीच याच पानावर छापू.



आपला,
ऊस विकास अधिकारी

*गणितांची उत्तरे :* (१) गुंठा १,०८९ चौरस फूट, एकर ४३,५६० चौरस फूट. (२) ४३,५६० भागिले साडेचार म्हणजे ९,६८० फूट. (३) ४,८४० रोपे. (४) ३८,७२० ऊस, वजन ५८,०८० किलो, म्हणजे ५८ टन ८० किलो. सात ऊस राहिल्यास ५०,८२० किलो. घट ७,२६० किलो, म्हणजे सव्वासात टनांच्या वर.